चार टर्न जास्तीचे

माझा धाकटा भाऊ वीस वर्षं बदलापुरात शाळेची व्हॅन चालवायचा. शाळेने स्वतःच्या बस घेतल्या तेव्हा सगळ्यांनी त्याला सांगितलं, व्हॅन विकून मोकळा हो. हा म्हणाला, विकणार नाही, हिच्यातच घर करणार. मोबाइलवर त्याने तसले व्हिडिओ पाहिले होते. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, आणि नवरा-बायको बर्फाच्या डोंगरासमोर पाय सोडून चहा पितायत. मी म्हटलं, "अरे, तुझ्या बायकोला मुरबाडपर्यंत जाताना गाडी लागते. तिला हिमालयात नेऊन काय करणार आहेस?" तो नुसता हसला. त्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते कुणाच्याने निघत नाही.

त्याचे हट्ट पुरवायची मला सवयच आहे. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी सतरा. वडील कारखान्यात पाळीला जायचे, त्यामुळे त्याची शाळा, डबा, ताप, मार, सगळं माझ्याकडे होतं. माझं लग्न झालं तेव्हा तो माझ्याबरोबरच पालेगावला आला आणि स्वतःचं लग्न होईपर्यंत माझ्याच घरात राहिला. भावजयीने हे सगळं गोड मानून घेतलं होतं, असं मी समजत होते. ती मुळात बोलायची कमी. तिच्या स्वयंपाकघरात जाऊन मी डबे इकडचे तिकडे केले तरी ती काही म्हणायची नाही.

अंबरनाथच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कंपनीत मी एकवीस वर्षं वाइंडिंगला होते. तांब्याची तार गुंडाळायची, एक टर्न, म्हणजे तारेचा एक वेढा, कमी नको की जास्त नको. आमचं अख्खं खातं बायकांचं. बायकांची बोटं बारीक असतात म्हणून, असं साहेब म्हणायचे. आमचा पगारही बारीक होता, हे मात्र ते म्हणायचे नाहीत. कंपनी बंद पडली तशी मी घराच्या पडवीत टेबल टाकलं. जळलेले फॅन, मिक्सर, पाण्याच्या मोटारी यायला लागल्या. तेव्हा पालेगाव नावाप्रमाणे गाव होतं. आता चहूकडे टॉवर आहेत, पण टॉवरमधल्या बायकांचे मिक्सरही जळतातच, त्यामुळे माझं काम काही थांबलेलं नाही.

या घरच्या धंद्यात मी एक गोष्ट शिकले, जी कंपनीत कुणी चालवून घेतली नसती. आमच्या भागात व्होल्टेजचा भरवसा नाही. कधी दिवे मिणमिणतात, कधी एवढं चढतं की बल्ब पटापट उडतात. म्हणून इकडचे वाइंडर मोटार बांधताना दोन-चार टर्न जास्तीचे घालतात. टर्न जास्त असले की मोटार जरा हळू फिरते, पण तापत नाही आणि वर्षानुवर्षं जळत नाही. गिऱ्हाईक शिव्या घालत परत येत नाही. मी चार घालायचे. ते हाताला इतकं बसलं होतं की मोजणी संपली तरी बोटं आपली चार पुढे जायची. "ताईने बांधलेली मोटार मरत नाही," असं माझा भाऊ जगाला सांगत फिरायचा, आणि ते ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

उन्हाळा सुरू होताना एका सकाळी तो काखेत एक लोखंडी डबा मारून आला. उल्हासनगरच्या जुन्या मालाच्या बाजारातून उचललेला गाडीचा हीटर होता तो, डिझेलवर चालणारा. आत एक लहानशी भट्टी असते. तिच्यात डिझेल थेंबथेंब पडतं आणि पेटतं. एकच पंखा दोन कामं करतो. भट्टीला जळण्यापुरती हवा पुरवतो आणि गरम झालेली वेगळी हवा गाडीत सोडतो. भट्टीचा धूर नळीने गाडीखालून बाहेर जातो. वस्तू चांगली होती, फक्त ती ट्रकची होती. ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या असतात, म्हणून हीटर चोवीस व्होल्टचा. भावाच्या व्हॅनला बॅटरी एकच, बारा व्होल्टची.

मी त्याच्याबरोबर पुन्हा उल्हासनगरला गेले. दुकानदार सिंधी, माझ्याच वयाचा. त्याने काही लपवलेलं नव्हतं. मला म्हणाला, "दीदी, मैंने भाऊ को पहले ही बोला था, ट्रक का माल है. एक कन्वर्टर लगा दो, बारा का चौबीस कर देगा. अंदर किसी चीज को हाथ मत लगाओ."

सल्ला सरळ होता. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कन्वर्टर कशाला? अजून एक डबा, अजून एक तापणारी वस्तू. मी अख्खा हीटरच बारा व्होल्टचा करते."

"आपकी मर्जी, दीदी," असं म्हणून दुकानदाराने चहा मागवला. माझा भाऊ त्याला सांगायला लागला की आमची ताई काय चीज आहे. मी मधे बोलले नाही. कन्वर्टर काय, कुणीही जोडला असता. मला ते काम माझ्या हातचं हवं होतं, आणि भावाने ते असंच सांगत फिरावं असंही मला वाटत होतं.

हीटरमधला पेटवणारा प्लग आणि डिझेलचा पंप बारा व्होल्टचे मिळाले. सर्किटवर बारा-चोवीसचा बारकासा स्विच होता, तो मी बारावर केला. राहिला पंखा. त्याची मोटार बारा व्होल्टमध्ये कुठेच मिळेना, म्हणून मी ती उघडून नव्याने बांधायला घेतली. जुनी तार सोडवताना प्रत्येक खाचेतून चव्वेचाळीस टर्न निघाले. व्होल्टेज अर्धं, तर टर्न अर्धे आणि तार जास्त जाड. म्हणजे बावीस. हा हिशोब मी झोपेतही करीन. मी तार घेतली, मान खाली घातली आणि प्रत्येक खाचेत सव्वीस टर्न घातले.

ठरवून घातले असंही नाही आणि विसरून घातले असंही नाही. हात थांबला तो सव्वीसला, आणि मनात एवढंच आलं की बरंच झालं, डोंगरात पोरांची मोटार जळायला नको. भाऊ पंचेचाळिशीचा आणि भावजय बेचाळीसची, पण मला ती पोरंच वाटतात.

हीटर बसवला तो बदलापुरात, भावाच्या बिल्डिंगखाली. एप्रिलचं ऊन. बदलापूरचा उन्हाळा ज्याने सोसलाय त्याला सांगायला नको. हीटर चालू केला आणि आम्ही सगळेच गाडीबाहेर पळालो. दारं सताड उघडी, खिडक्या उघड्या, शेजारीपाजारी रुमालाने घाम पुसत हसतायत की बदलापुरात हीटर लावणारा पहिला माणूस बघा. बटण एकवर, म्हणजे सगळ्यात कमीवर, ठेवून दहा मिनिटं चालवला. फुल करून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. दारं लावून आत बसायचं तर सोडाच. गरम हवा येत होती, म्हणजे हीटर चालत होता. आम्हाला थंडी काय असते तेच ठाऊक नाही, त्यामुळे हीटर तपासायचा कसा हेही ठाऊक नव्हतं. भावजयीने सगळ्यांना सरबत दिलं, आणि मे महिन्यात ती दोघं निघाली.

दहाबारा दिवसांनी, ती दोघं हिमाचलात स्पितीला पोचली होती तेव्हा, गावातली एक ओळखीची बाई दुपारी छताचा फॅन घेऊन आली. नुसतं तेलपाणी करायचं होतं. म्हणाली, "तुम्ही बांधलेला फॅन बारा वर्षांत जळला नाही हो. पण वारा म्हणून लागत नाही."

हे मी शंभरदा ऐकलंय आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. "वारा हवाय की फॅन हवाय?" तेच उत्तर मी दिलं. ती हसली आणि फॅन ठेवून गेली. मी स्क्रू काढायला घेतले आणि दुसऱ्याच स्क्रूला माझा हात थांबला.

हीटरच्या पंख्याचं कामच वारा देणं होतं. तो हळू फिरला तर भट्टीला हवा कमी पडणार. हवा कमी पडली की डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, धुराची नळी तुंबते, आणि ज्याला वास नाही असा विषारी गॅस तयार होतो. बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं जातात ती याच गॅसने. नळी तुंबली की तो गॅस सांध्यांतून मागे गाडीत येणार. त्यातून तिकडे डोंगरात हवा आधीच विरळ. माझे चार टर्न इकडे मोटार वाचवत होते, तिकडे ते जीव घेणार होते. 

मी लगेच फोन लावला आणि तो पहिल्या झटक्यात लागला.

"ताई, एक नंबर हीटर आहे," भाऊ म्हणाला. "रात्रभर एकवर ठेवला होता, मस्त झोप लागली. इथला ढाबेवाला बघायला आला होता. त्याला सांगितलं, माझ्या ताईने बनवलाय. त्याला खोटंच वाटतंय."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. हीटर लावू नकोस, माझ्या हातून चूक झाली आहे. एवढंच तर बोलायचं होतं. पण तो इतका खुशीत होता, आणि मागे तो ढाबेवाला हसत असल्याचं ऐकू येत होतं. मी म्हटलं, "बरं, ऐक. फुल करू नकोस हां. डिझेल फार खातो."

"बरं बरं. आता लगेच अजून वर निघतोय, रात्री तिथेच मुक्काम. तिकडे जास्त थंडी आहे म्हणतात."

"मग दोन-दोन रजया घ्या," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी स्वतःला समजावत बसले. एकवर तर चालतोय. काल रात्री काही झालं नाही, मग आजही होणार नाही. चार टर्नने असं काय आभाळ कोसळतं. माझी मीच वकील आणि मीच जज. संध्याकाळपर्यंत मात्र ते काही पटेना, म्हणून खरं सांगून टाकावं असं ठरवून पुन्हा फोन लावला, तर दोघांचेही फोन लागेनात. मी मेसेज लिहिला, "हीटर फुल करू नका." तो पुसला आणि लिहिलं, "हीटर लावूच नका." का ते तेव्हाही लिहिलं नाही. मेसेजपुढे एकच खूण आली, दुसरी काही आली नाही. नवरा गेल्यापासून घरात मी एकटीच असते. भात केला आणि तसाच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला त्याचाच फोन आला.

"ताई, हिला बरं नाही गं. पहाटेपासून उलट्या. डोकं फुटतंय म्हणते, उठवत नाही. माझंही डोकं जरा जडच आहे. वर हवा विरळ ना, नवीन माणसाला होतं म्हणे असं. मी खाली दुकानात हुंगायला कापूर घ्यायला आलोय, वर रेंज नाही."

"ती कुठे आहे?"

"गाडीत. खिडक्या लावून झोपवलीय आणि हीटर फुल केलाय. डिझेलचं राहू दे ताई, माणूस महत्त्वाचं."

 मी पडवीच्या पायरीवर बसले. "आधी वर जा, दारं उघड, हीटर बंद कर. तिला बाहेर काढ."

"बाहेर? अगं, इथे बर्फ पडलाय."

"पडू दे. त्या हीटरचा गॅस गाडीत येतोय."

"ताई, तू उगाच घाबरतेस," तो म्हणाला. शाळेच्या पोरांची समजूत काढायचा तोच आवाज. "तिला नेहमीच गाडी लागते, तुला माहितीये ना. आणि तू बांधलेलं आजवर काही बिघडलंय का?"

"हे बिघडलंय. मी चुकीचं बांधलं. मी चुकले. ऐकतोस का, ती मरेल तिथे. पळ."

 मग दगडांवरून धावत्या पावलांचा आवाज आला, त्याची धाप ऐकू आली आणि फोन कट झाला.

त्यानंतरचा तास मी कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही. ज्याला आई होऊन वाढवलं, त्याचीच बायको आपण मारली, एवढंच डोक्यात फिरत होतं. टेबलावर तो फॅन उघडा पडला होता. मला त्याच्याकडे बघवेना. रस्त्यावरून शिफ्टला जाणाऱ्या कामगारांची रिक्षा गेली, त्यातल्या एका ओळखीच्या बाईने हात केला, आणि मीही हात केला. लोकांसमोर मी ठीक दिसत होते, याचाही मला राग आला.

मग फोन आला. भाऊ रडत होता. त्याने तिला खांद्यावर टाकून बाहेर काढलं होतं. ती बेशुद्ध होती, ओठांवर फेस होता. गावातल्या एकाने जीपमधून खाली दवाखान्यात आणलं. ऑक्सिजन लावल्यावर तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास आत राहिली असती तर काही खरं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "तू तिकडे पालेगावात बसून ओळखलंस. नुसती लक्षणं ऐकून ओळखलंस. तुझ्यामुळे वाचली गं ही."

मी गप्प राहिले. पहिल्यांदा गप्प राहिले तेव्हा निदान घाबरले होते. या वेळी तेही कारण नव्हतं.

दोघं परत आली तेव्हा मी बदलापूरला गेले. जवळच्या बुद्धविहारातल्या बायका, सासरचे दोघे-तिघे, शेजारी, सगळे हॉलमध्ये सतरंजीवर बसले होते आणि भाऊ त्यांना सांगत होता. माझी चूक तो दोन शब्दांत उरकायचा, होतं असं कुणाच्याही हातून म्हणायचा, आणि मग ताईने फोनवरून कसं ओळखलं, ताई कशी ओरडली, ते रंगवून सांगायचा. लोक माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मला तिथे बसवेना. मी उठून आत गेले.

भावजय पोह्यांसाठी कांदा चिरत होती. चांगलीच उतरली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ताई, आदल्या दुपारी तुमचा फोन आला, तेव्हा स्पीकर चालू होता. मी शेजारीच होते."

"हो का."

"फुल करू नको, डिझेल खातो, असं म्हणालात तुम्ही. ह्यांना तुम्ही आयुष्यात कधी काटकसर शिकवली नाहीत. मला तेव्हाच नवल वाटलं." तिने सुरी खाली ठेवली. "तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?"

नाही म्हटलं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं. इतकी वर्षं सगळंच ऐकून घेतलं होतं तिने.

"हो," मी म्हटलं.

तिने चिरलेला कांदा एका बाजूला सारला. मग म्हणाली, "मी ह्यांना नाही सांगणार. ह्यांना सख्खं असं तुम्हीच आहात. पण ताईने मला वाचवलं, हे माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. तेवढं मला जमायचं नाही."

तेवढ्यात बाहेरून भावाची हाक आली. "ताई, ये ना बाहेर. यांना तूच सांग, कसं ओळखलंस ते."

मी बाहेर जाऊन सतरंजीवर बसले. म्हटलं, "ओळखलं ते आदल्या दिवशी दुपारी. एका बाईचा फॅन उघडताना लक्षात आलं. लगेच याला फोन लावला, तो लागलाही. पण आपली चूक सांगायची लाज वाटली, म्हणून मी डिझेलचं कारण सांगितलं. त्यानंतर ही एक अख्खी रात्र त्या गाडीत होती."

 भावाच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच होतं, ते जायला वेळ लागला.

"म्हणजे मी एक नंबर म्हणालो, तेव्हा?" त्याने विचारलं.

"हो, तेव्हा."

तो उठला. मला वाटलं आता ओरडेल, आणि त्याने ओरडावं असं मला मनापासून वाटत होतं. तो माझ्या शेजारून आत गेला. "तू बस, मी चिरतो," असं तिला म्हणाल्याचं ऐकू आलं, आणि मग बराच वेळ नुसता सुरीचा आवाज येत राहिला. मी निघते म्हणून दोनदा सांगितलं. एरवी तो मला रिक्षात बसवून दिल्याशिवाय वर जात नाही. त्या दिवशी मी चार जिने एकटी उतरले, व्हॅनच्या शेजारून गेले आणि रिक्षाला हात केला.